प्रकाश वाढवा

माझा आवाज माझ्या डाव्या गालात होता. मेंदूला झटका आला तेव्हा मानेखालचं सगळं गेलं, घसाही गेला. उरले डोळे आणि डावा गाल. त्या गालाला टेकून एक बटण असायचं. संगणकाच्या पडद्यावर अक्षरांच्या रांगांतून एक पिवळी चौकट सरकत राहायची. हव्या त्या अक्षरावर ती आली की मी गाल फुगवायचा. वाक्य पुरं झालं की संगणक ते मोठ्यानं बोलायचा. ‘मीठ कमी आहे’ एवढं म्हणेपर्यंत ताट घासून पालथं घातलेलं असायचं, पण चाललं होतं. त्याच बटणावर मी कामही करत होतो. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. लोक खोक्याबरोबर न वाचता फेकून देतात, त्याच.

मग ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्याशा कंपनीनं कळवलं, की आता ही सोय संगणकातच आयती मिळते, तेव्हा आम्ही थांबतो आहोत, आजवर साथ दिलीत, आभारी आहोत. मला भयंकर राग आला. माणसाचा आवाज काढून घ्यायचा आणि वर आभार मानायचे, ही कुठली रीत?

“बाबा, त्या जुन्याला किती दिवस कवटाळून बसणार?” जावईबापू म्हणाले. “नवीन संगणकात सगळं आतच आहे. कॅमेरा तुमचे डोळे बघतो. अक्षराकडे नुसतं बघत राहायचं. भोवती एक वर्तुळ भरत येतं. ते भरलं की अक्षर उमटलं.”

आणि खोटं कशाला सांगू, प्रकरण झकास निघालं. जावईबापू टेबलाखाली शिरून वायरी लावत होते. माझी बायको शाळेत शिकवायची, त्यामुळे सगळं जग तिला बाई म्हणतं आणि मीही म्हणतो. बाई कौतुकानं म्हणाल्या, “किती राबतात हो बिचारे.” मी तिथल्या तिथे बोललो, “झोपलेत.” बाई इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. विनोद वेळेवर पोचला की काय होतं, हे आम्ही दोघंही विसरून गेलो होतो. त्या हसण्यावर मी विकला गेलो. बटण, त्याचा दांडा, वायर, सगळं काढून न्यायला मीच सांगितलं.

त्यानंतरचे दिवस फार मजेत गेले. मी बोलतच सुटलो होतो. बाई म्हणायच्या, जुनाच नवरा बरा होता.

त्या दिवशी दुपारपासून मळभ होतं. मी पाण्याच्या पंपाची पुस्तिका लिहीत होतो. “दूध तापत ठेवलंय, मग चहा करते,” असं म्हणून बाई स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग धप्प आवाज झाला, मग एक डबा गडगडत लांब गेला.

“काय पडलं?” मी विचारलं. म्हणजे, संगणकानं विचारलं.



माझ्या खुर्चीतून स्वयंपाकघराचा फक्त उंबरा दिसतो. उंबऱ्यावर तिचं पाऊल होतं. चप्पल अर्धवट निघाली होती. मी बघत राहिलो, आता हलेल, आता ही ‘मेलं ते स्टूल’ म्हणत उठेल. पाऊल हललं नाही.

“बाई.” “बाई.” “बाई.” संगणक एकाच शांत आवाजात हाका मारत होता. मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

खालच्या मजल्यावर आमचे टेलरभाऊ. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. त्यांना निरोप पाठवायचा, एवढंच करायचं होतं. मी निरोपांच्या खुणेवर नजर टेकवली. वर्तुळ अर्धं भरलं आणि विरून गेलं. पुन्हा टेकवली, तर नजरेबरोबर फिरणारा पडद्यावरचा बाण थरथरत वर पळाला आणि कॅल्क्युलेटर उघडला. मग पडद्याच्या मधोमध एक पाटी आली: तुमचे डोळे दिसत नाहीत. प्रकाश वाढवा.

तेव्हा मला कळलं. खिडकीबाहेर संध्याकाळ उतरत होती आणि खोली काळवंडत चालली होती. आमच्याकडे अंधार पडायच्या आत बाई दिवा लावायच्या, एक दिवस चुकल्या नाहीत. त्यामुळे अंधारात हे यंत्र आंधळं होतं, हे बघायची वेळच कधी आली नव्हती. गालाच्या जुन्या बटणाला उजेड लागत नव्हता. दिवा लावणारं माणूस तिकडे जमिनीवर पडलं होतं, आणि यंत्र मला सांगत होतं, प्रकाश वाढवा. असली वाक्यं लिहून मी पोट भरतो. त्या क्षणी माझीच मला किळस आली.

भीती काय असते ते मला ठाऊक आहे असं मी समजत होतो. झटका आला तेव्हा मी घाबरलो होतो. पण ती भीती माझ्यापुरती होती. ही वेगळी होती. मिनिटामिनिटाला खोलीतला उजेड कमी होत होता आणि त्याच्याबरोबर बाईही माझ्या हातून जात होत्या.

डोळ्यांना त्रास नको म्हणून जावईबापूंनी पडदा काळा करून दिला होता. काळ्यावर पांढरी अक्षरं. उजेड हवा तर घरात आता एकच दिवा होता, तो म्हणजे हाच पडदा. कामाचं कोरं पान उघडलं तर ते पांढरं शुभ्र उघडतं. मी ‘नवीन पान’ या शब्दांवर डोळे रोखले. बाण सटकला. पुन्हा रोखले. पापणी लवली, वर्तुळ पुसलं गेलं. तिसऱ्यांदा मी डोळे इतके ताणले की त्यांतून पाणी आलं. वर्तुळ भरलं.

वरच्या अर्ध्या पडद्यावर कोरं पान उजळलं, खाली अक्षरं राहिली. माझ्या तोंडावर पांढरा उजेड पडला. बाण जागेवर आला. ‘वर या. बाई पडल्या.’ निरोप गेला.

खाली टेलरभाऊंचं शिलाई मशीन घरघरत होतं. जमिनीतून तो आवाज मला रोज ऐकू येतो. ते चालूच राहिलं. मनात म्हटलं, बघा हो फोनकडे, पाया पडतो तुमच्या. मशीन थांबलं.

जीव भांड्यात पडणार, इतक्यात स्वयंपाकघरातून फस्स आवाज आला. करपलेल्या दुधाचा वास आला. आणि त्याच्यामागून दुसरा. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस सुटला होता.

जिन्यावर धावती पावलं वाजली. टेलरभाऊ किल्ली लावतील, आत येतील, घर अंधारात असेल. अंधाऱ्या घरात शिरलेला माणूस पहिलं काय करतो? हात भिंतीवर, दिव्याच्या बटणाकडे. एक ठिणगी पुरे होती.

दि. वा. ला. वर्तुळ भरायला लागतो तेवढा वेळ लागतोच, त्याला घाई कळत नाही. वू. न. का. किल्ली कुलुपात फिरली. गॅ. स. आ. हे.

“बाई! अहो, अंधारात काय...” टेलरभाऊ दारात होते. त्यांचा हात भिंतीवर सरकत होता. लिहिलेलं मोठ्यानं म्हणणाऱ्या ‘बोल’ या खुणेकडे मी बघितलं आणि पापणी मिटली नाही.

“दिवा लावू नका. गॅस आहे.”

हात थांबला. मग त्यांनाही वास आला असावा. ते नाकाला रुमाल लावून आत धावले, शेगडी बंद केली, खिडकी उघडली. बाईंना काखेत धरून ओढत माझ्या समोरून बाहेर नेलं. तिचं डोकं एका बाजूला कललं होतं. केस ओले होते, आणि ते पाणी नव्हतं.

जिन्यातून तिचा आवाज आला. बारीक, झोपेतला.

“संध्याकाळ झाली हो. यांचा दिवा लावायचा राहिला. यांना दिसायचं नाही.”

“हो हो, लावतो, बाई,” टेलरभाऊ म्हणाले. बाईंचं सांगणं आजवर कुणी मोडलेलं नाही. घाबरलेला तो माणूस खरंच परत दारात आला आणि हात वर केला. घरात वास तसाच होता. वाक्य अजून पडद्यावरच होतं. मी ‘बोल’वर नजर खिळवली.

“दिवा लावू नका. गॅस आहे.”

“अरे देवा!” ते मागच्या मागे पळाले.

 ती पुन्हा काही म्हणेल म्हणून मी कान देऊन बसलो.  मला तिला खूप काही सांगायचं होतं, पण पडद्यावरची अक्षरं डोळ्यांसमोर पोहू लागली होती आणि एकही जागेवर राहत नव्हतं.

“काका!” टेलरभाऊ जिन्यातून ओरडले. “श्वास चालू आहे बाईंचा! ॲम्ब्युलन्स निघालीय! ऐकताय ना? काहीतरी बोला त्यांच्याशी, त्या तुम्हालाच विचारतायत!”

माझ्याजवळ तेवढं एकच वाक्य तयार होतं. मी तेच तिला पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.