माझ्या फुलाला हिरवी पानं!

"हे दिवे कोणी लावले?" मी छापील पान टेबलावर आपटलं.

माझ्या फुलाला हिरवागार देठ, वर चार पानं! अरे, ज्याच्या अंगात हिरवा कण नाही, जे जमिनीखाली दुसऱ्या झाडाच्या मुळाला चिकटून आयतं खातं, त्याला पानं कशाला, मिरवायला? तोडलं की तासाभरात काळं पडतं, म्हणून तीन दिवस चिखलात बसून मी ते रंगवलं. गुडघ्यांची वाट लागली. आणि इथे पंख्याखाली बसून कोणीतरी त्याची पालेभाजी केली.

साहेब, म्हणजे या रानफुलांच्या पुस्तकाचे संपादक, चष्मा पुसत बसले. "बाई, रंग भरायचा राहिला असं वाटलं."

"तीस वर्षं चित्रं काढतेय इथे. राहिला म्हणे!"

माझी सख्खी भाची पुढे आली. कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं जुळवते. मीच तिला इथे चिकटवलं.

"मावशी, मी केलं. तुला हिरवं नीट दिसत नाही ना, म्हणून."

तळपायाची आग मस्तकात गेली. चित्रकाराचे डोळे गेले असं एकदा पसरलं, की पुन्हा कुत्रंही विचारत नाही. "हे फूल पांढरंच असतं, शहाणे! विचारायला तोंड नव्हतं?"

साहेबांनी कपाटातलं संदर्भाचं जाड पुस्तक उघडून पाहिलं, कान पकडले. भाचीनं फूल पुन्हा पांढरं केलं. मी जिंकले होते. गप्प घरी जायचं की नाही? पण जीभ कसली थांबते!

"आणखी कशाला हात लावलास?"

"अकरा चित्रांना."

"दाखव. माझं आणि तुझं, शेजारी शेजारी."

तिनं पहिलं चित्र पडद्यावर आणलं. मी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, नाक टेकेपर्यंत पुढे झुकले.

"यात काय बदललंस? उगाच काहीतरी!"

भाचीनं साहेबांकडे पाहिलं. साहेब जमिनीकडे.

"पानं, मावशी. डावीकडची तुझी आहेत. तपकिरी."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले."

"सहा महिने!" मी किंचाळले. "सगळ्या ऑफिसला ठाऊक, आणि माझेच डोळे, मला एकटीला सांगायचं नाही? दया करता माझ्यावर?"

भाची रडायला लागली. मी तिच्याकडे बघितलंही नाही. मी पडद्याकडे बघत होते. दोन्हीकडची पानं हिरवीच होती.