जास्तीचं चाक

मित्रांनो, गाडीला चाकं किती असतात, असं कुणी विचारलं की तुम्ही लगेच चार म्हणता. बरोबरच आहे तुमचं. रस्त्यावर धावतात ती चारच. मी तुमच्या मोजणीत न आलेली पाचवी. मी एक जुनी स्टेपनी आहे. डिकीतल्या कार्पेटखालच्या खोलगट जागेत माझं बहुतेक आयुष्य गेलं. अशा आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार, आणि सांगितलं तरी ते मला नीट जमेल का, या शंकेने मी आजवर गप्प राहिले. पण परवा माझ्या रिमला पहिला ओरखडा पडला, आणि मला बोलावंसं वाटू लागलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड झाल्यावर मला यंत्रावर फिरवून तासलं, बोल्टांसाठी भोकं पाडली आणि चंदेरी रंग दिला. वर टायर चढवून हवा भरली. आम्ही पाच भावंडं अगदी एकसारखी होतो. पण गाडी तयार झाल्यावर चौघांना तिच्या खाली जागा मिळाली, आणि मला डिकीत ठेवून वरून झाकण लावलं. मी काय चुकले, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

ही गाडी एका चष्मेवाल्यांनी घेतली. त्यांचं बाजाराच्या रस्त्यावर छोटं दुकान होतं आणि वर राहतं घर. ज्या म्हाताऱ्या माणसांना दुकानापर्यंत येता येत नसे, त्यांच्या घरी ते काचांची पेटी घेऊन स्वतः जात. त्यांची पत्नी शिवणकाम करायची. ती आम्हा पाचही चाकांना सारखंच वागवायची, असं म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. सुट्टीच्या दिवशी चष्मेवाले बादली आणि फडकं घेऊन चारही चाकं लखलखीत करत, आणि वरून खिडकीतून आवाज येई, "अहो, पाचवीला हवा भरलीत का?"

"ती कुठे पळतेय?" ते म्हणत.

"शर्टाच्या आत मी एक जास्तीचं बटण शिवते, ते तरी कुठे लावलेलं असतं? पण असतं म्हणून माणूस निश्चिंत असतो."

तेव्हा मला माझं काम कळलं. तिने उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून मला एक खोळ शिवली. कडेने नाडी ओवली. अंधारात त्या खोळीचे रंग मला दिसत नव्हते, पण माझ्यासाठी कुणीतरी माप घेतलं होतं, हे मला पुरेसं होतं.

डिकीत दिसत काही नसलं तरी ऐकू सगळं येतं. गाडी दुकानापुढे लावायची वेळ आली की मी कान देऊन ऐकत असे. चष्मेवाले उजवीकडे बसत, फुटपाथची कड डावीकडे. तिथून त्यांना ती दिसत नसे. मग शेजारी बसलेली पत्नी माप सांगे.

"हातभर आहे. या. वीतभर. या, या. चार बोटं... दोन बोटं... बास!"

"कुणाची बोटं? तुझी की माझी?"

"तुमची असती तर एव्हाना चाक फुटपाथवर चढलं असतं."

दोघंही हसायची, आणि इंजिन बंद व्हायचं. इतक्या वर्षांत भावंडांपैकी एकालाही कधी कड लागली नाही. टेलरबाईंचं माप होतं ते, चुकणार कसं?

एकदा मागच्या डाव्या चाकात खिळा घुसला आणि माझं नशीब उघडलं. पंक्चरवाल्याने मला बाहेर काढून तिथे बसवलं. काही दिवस मी रस्त्यावर धावले. ऊन, खडी, चिखल, सगळं अंगाला लागलं. पण त्या दिवसांतलं मला सर्वांत जास्त काय आठवत असेल, तर डाव्या दाराबाहेरचा आरसा. मागच्या चाकाच्या जागेवरून मी समोर पाहिलं आणि त्या आरशात मला दोन डोळे दिसले. तिचे. ती आरशातून माझ्याकडे आणि कडेकडे बघत होती. तो आरसा तिने आपल्या बाजूने वळवून घेतला होता.

"यात मला दाराची मूठ आणि आकाश सोडून काही दिसत नाही," चष्मेवाले कुरकुरले होते.

"तुम्ही पुढे बघा. मागचं मी बघते," ती म्हणाली होती.

पंक्चर काढून झालं, आणि मी पुन्हा खोळीत गेले.

मग वर्षं गेली. त्यांची एकुलती एक मुलगी शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. आणि एक दिवस डिकीत तो आवाज यायचा थांबला. आधी मला वाटलं, ती कुठे गावाला गेली असेल. मग बाकीची चाकं एकमेकांत हळू बोलू लागली, आणि मला समजलं.

त्यानंतर पहिल्यांदा चष्मेवाल्यांनी गाडी दुकानापुढे लावली तेव्हा 'खर्रर्र' असा आवाज झाला. मित्रांनो, हा आवाज तुम्ही ऐकला असेल. गाडी कडेजवळ घेताना पुढचं चाक सुखरूप निघून जातं, आणि मागचं त्याच्यापेक्षा आत कापत येतं. चालवणाऱ्याला वाटतं अजून जागा आहे. तेवढ्यात सिमेंटची कड रिमला लागते आणि पेन्सिलीला टोक काढावं तसा धातू सोलला जातो. माझं मागचं डावं भावंड कळवळलं. चष्मेवाले उतरले, गुडघे धरत खाली बसले आणि रुमालाने ओरखडा पुसत राहिले. पुसून जाणारा का असतो तो?

मग हे वरचेवर होऊ लागलं. पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, फुटपाथशी काही जुनं वैर आहे का? काढून टाकू का त्याला तिथून?"

मुलगी भेटायला आली तेव्हा तिने ते चाक पाहिलं. ती त्यांना दुकानात घेऊन गेली आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. हे नंतर गाडीत बसल्यावर त्यांच्या भांडणातून मला कळलं.

"शेवटची ओळसुद्धा वाचली की मी!"

"बाबा, तो तक्ता तुम्हाला पाठ आहे. जन्मभर लोकांना तोच दाखवलात."

"मग उलटा टांगून बघ."

"विनोद नकोत. आज कड लागली, उद्या माणूस लागेल. पुढच्या खेपेला मी येईन तेव्हा या चाकावर एक जरी नवा ओरखडा दिसला, तरी किल्ली माझ्याकडे द्यायची. कबूल?"

गाडी गेली की म्हाताऱ्यांच्या घरी जाणं संपणार होतं, आणि आणखीही काहीतरी संपणार होतं, जे त्यांना मुलीला सांगता येत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "कबूल."

मुलीचा पुन्हा यायचा दिवस ठरला, तोवर दोन नवे ओरखडे पडून गेले होते. आदल्या दिवशी चष्मेवाले पंक्चरवाल्याकडे आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "ते मागचं डावं काढून डिकीत टाक. स्टेपनी लाव तिथे. कोरी आहे अगदी."

पंक्चरवाला हसला. "या वयात परीक्षेत कॉपी करताय, साहेब?"

"कर ना बाबा गुपचूप."

अशी मी दुसऱ्यांदा उजेडात आले. कुणालाही अभिमान वाटावा अशी चकाकत होते, पण मला लाजच वाटत होती. सोललेल्या भावंडाला माझी खोळ घालून माझ्या जागी झोपवलं होतं. मी समोर पाहिलं. आरसा होता तसाच होता. त्यात रिकाम्या सीटची पाठ दिसत होती, बाकी काही नाही.

बसथांब्यावर मुलगी उतरली. गाडीभोवती एक फेरी मारून माझ्यापाशी थांबली.

"अरे वा! हे तर नव्यासारखं दिसतंय."

"पॉलिश केलं," चष्मेवाले पुटपुटले.

ती बॅग ठेवायला मागे गेली. डिकीतल्या कार्पेटखालून आईच्या हातची खोळ डोकावताना दिसली, म्हणून तिने कार्पेट बाजूला करून तिच्यावरून हात फिरवला. हात फिरवता फिरवता तिच्या बोटांना खालचं काहीतरी खरखरीत लागलं. तिने नाडी सोडली. आत तीच सोललेली रिम होती.

"बाबा."

"हं."

"किल्ली."

"घरापर्यंत तरी नेऊ दे," ते म्हणाले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा आवाज होता तो.

आई गेल्यापासून मुलगी नेहमी मागच्या सीटवर बसायची. पुढची जागा तिलाही नको वाटे. पण आज लक्ष ठेवायचं म्हणून ती पुढे बसली. दार लागलं, आणि मी समोर पाहिलं तर आरशात दोन डोळे होते. माझ्या टायरमधली हवाच थांबल्यासारखं झालं मला. तसेच डोळे. फक्त रागावलेले.

दुकान आलं. गाडी कडेला सरकू लागली. कड माझ्याकडे येताना मला दिसत होती, पण मला ओरडता कुठे येतं? आरशातले डोळे एकदम मोठे झाले.

"बाबा, कड! अहो बाबा, बास!"

खर्रर्र.

माझा पहिला ओरखडा. दुखलं, खोटं कशाला सांगू. चष्मेवाल्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही. ती अजून आरशातच बघत होती.

"बाबा, तुम्हाला या आरशात काय दिसतं?"

"दाराची मूठ. आणि आकाश."

"मला चाक दिसतंय. कडही दिसतेय. अगदी स्वच्छ."

"दिसणारच. तुझ्या आईने लावलाय तो."

"म्हणजे आई गेल्यापासून तुम्ही हा..."

"रोज पुसतो," ते घाईने म्हणाले, जणू आळशीपणाचा आरोप होता. "पुसतो ना. फक्त... वळवत नाही."

मुलीचा हात आरसा वळवायच्या खुंटीपर्यंत गेला, तिथे थोडा वेळ राहिला आणि परत मांडीवर आला. आरशातले डोळे भरून आलेले मला दिसले. ते फक्त मलाच दिसले असतील.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून एक रुपयाएवढा छोटा गोल आरसा घेऊन आली. त्याच्या पाठीला गोंद होता. मोठ्या आरशाला धक्का न लावता तिने त्याच्या कोपऱ्यात तो चिकटवला आणि बाहेर उभी राहून थोडा थोडा फिरवत राहिली. चष्मेवाले स्टिअरिंगमागे ताठ बसले होते.

"दिसलं?"

"थोडं खाली. अजून. हां."

"काय दिसतंय सांगा. आणि पाठ केलेलं सांगू नका."

त्यांनी गाडी सुरू केली, हळूहळू कडेकडे घेतली आणि स्वतःशीच म्हणू लागले, "वीतभर... चार बोटं... दोन बोटं..."

मुलगीही त्यांच्याबरोबर म्हणाली, "बास!"

मी कडेपासून दोन बोटांवर उभी होते. तुमची बोटं नव्हेत, टेलरबाईंची. मुलगी जाताना किल्ली त्यांच्याकडेच राहिली. पंक्चरवाला मला परत डिकीत ठेवायला निघाला, तर चष्मेवाले म्हणाले, "राहू दे तिला. खूप वर्षं झोपून काढली तिने." माझी खोळ आता माझ्या जखमी भावंडाच्या अंगावर आहे. मला तिची आठवण येते, पण त्याला तिची गरज जास्त आहे.

मित्रांनो, मोठं सांगण्याएवढी मी मोठी नाही. तुमच्या घरच्या गाडीच्या पाचव्या चाकात हवा आहे का, एवढं अधूनमधून विचारत जा. आणि कुणाच्या शेजारी बसलात, तर हातातला फोन ठेवून जरा खिडकीबाहेर बघा. चालवणाऱ्याला तुमच्या बाजूची कड दिसत नसते. ती त्याला सांगा.

माझ्या समोर आता एकात एक असे दोन आरसे आहेत. मोठ्यात रिकामी सीट दिसते. छोट्यात चष्म्यामागचा एक डोळा दिसतो. गाडी कडेला येऊ लागली की तो डोळा आधी शेजारच्या सीटकडे वळतो, क्षणभर थांबतो, आणि मग माझ्याकडे बघतो.