आधी पाणी

“हे पथिका, थांब! कूपजलाची अभिलाषा असेल तर प्रथम माझे कोडे...” चंपाबाई अडखळल्या आणि माइकसमोरच खुदकन हसल्या. “रूपे, ही म्हातारी लग्नपत्रिकेसारखी काहून बोलती गं?”

हेडफोन लावलेल्या केयूरने कपाळावर हात मारला. बजाजनगरातल्या दोन खोल्यांत त्याची व्हिडिओ गेमची कंपनी होती आणि चंपाबाईंची लेक रूपा तिथली एकुलती एक लेखिका. दुष्काळी राज्यातून नदी शोधायला निघालेल्या राजपुत्राची गोष्ट तिने रचली होती. त्यातली विहिरीची राखण करणारी म्हातारी तिच्या खास लाडाची. पण गेम खेळून बघायला येणारी पोरे म्हातारीने तोंड उघडले की बटण दाबून पुढे पळत. या खेपेलाही पळाली तर म्हातारी कायमची बाद, असे केयूरने बजावले होते. म्हणून तर रूपाने म्हातारीला आवाज द्यायला आईला धरून आणले होते.

“काकू, आपल्या गेमचा सूर गंभीर आहे,” केयूर म्हणाला. “मधेच घरगुती बोलणं आलं की बेसूर होतं.”

“व्हय, बोलते की गंभीर. पण लेकरू उन्हातनं आलंय ना? त्याला आधी कोडं कामून घालायचं?”

“उत्तर चुकलं तर पाणी नाही. तीच तर मजा आहे!”

चंपाबाईंचे हसू मावळले.

“आमच्या गावच्या विहिरीवर असंच व्हायचं, बापू. आधी सवाल. कोणाची गं तू? मग वरून ओंजळीत वतायचे, नाय तर हाकलायचे. पाण्याआधी सवाल माझ्या तोंडून नाय यायचा. दुसरी बाई बघा.”

रूपाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि तरी तीच विहीर तिने अलंकार चढवून लिहिली होती. तिने उभ्या उभ्या ओळी बदलल्या. आधी पाणी, कोडे मागून.

केयूरने नव्या ओळी वाचल्या. त्याने मान डोलावली आणि रेकॉर्डिंग सुरू केले.

“ये लेकरा. बस. आधी पाणी पी,” चंपाबाई म्हणाल्या. आणि मग कुठेच लिहिलेले नव्हते तेही म्हणाल्या, “हळू पी रं, ठसका लागंल.”

“सूर?” रूपाने भीत भीत विचारले.

“आत्ता लागला,” केयूर म्हणाला. “आता त्या राजपुत्राचंही बोलणं उतरव जरा खाली. लई फुगलाय.”

शनिवारी पोरे गेम खेळायला आली. त्यातली एक मुलगी कोडे सोडवून झाले तरी राजपुत्राला पुन्हा पुन्हा विहिरीवरच आणत होती.

“अगं, पुढं जा की,” केयूर हसत म्हणाला.

“जाते ना सर,” ती म्हणाली. “आजीला अजून एकदा बोलू द्या.”