नेऱ्याच्या वेशीवरची धपधप

माझं लग्न एका चपलेपायी मोडायला आलं होतं, आणि ती चप्पल माझी नव्हती.

सुपारी फोडायला आम्ही पनवेलहून नेऱ्याला गेलो ते दाजींच्या पिकअपमधून. दाजी म्हणजे माझ्या गोदूताईचे यजमान, बळीराम. मिठागरावरचं मीठ वाहायला त्यांनी ही जुनी गाडी घेतली होती. नेऱ्यात तेव्हा सगळ्या बैलगाड्याच. अख्खा गाव पिकअपभोवती गोळा झाला. कोणी बोनेट चाचपलं, कोणी हॉर्न दाबला. जेवणं उरकून दाजी ओसरीवरून उतरले, तर डावी चप्पल गायब!

टायरच्या तळव्याची, तीनदा शिवलेली चप्पल ती. पण दाजी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना, काशीरामांना, भर अंगणात म्हणाले, "तुमच्या गावात चोर हायत."

"एका चपलेचा चोर? लंगडा हाय का तो?" काशीरामांनी विचारलं.

मी हसलो. तिथंच चुकलं. दाजींचं पित्त खवळलं आणि ते नको नको ते बोलले. शेवटी काशीरामांनी सांगून टाकलं, "लगीन होईल. पन आमाला चोर बोलला, तो माफी मागल्याबिगर वेस वलांडनार नाय."

गाडी चालवता येणारा माणूस आमच्यात एकच, दाजी. आणि दाजी म्हणे, चप्पल मिळाल्याशिवाय माफी नाही. भामाला, माझ्या होणाऱ्या बायकोला, मी तोवर दोनदाच पाहिलं होतं, पण ती हातची जाणार म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्यात परतीच्या वाटेवर गाडीच्या तळाखाली धपधप सुरू झाली.

पनवेलच्या नाक्यावर धर्मराज मिस्त्रीला गाडी दाखवली. धर्मराजचं पोट गाडीखाली जात नसे, म्हणून तो सगळे रोग वरूनच ओळखायचा. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इंजिन चालू, गाडी उभी, तर आवाज नाही. मग इंजिन बंद करून मला गाडी ढकलायला लावली, तर धपधप!

"इंजिन निर्दोष हाय," धर्मराजनं निकाल दिला. "गाडी पळते तसा आवाज पळतो. म्हंजे मधला फिरता दांडा, शाफ्ट. खाली उतरवावा लागंल. लग्नानंतर बघू."

"जरा खाली जाऊन बघ की," मी म्हणालो.

मी त्याच्या पोटाविषयी बोललो, असं त्याला वाटलं. मी बोललोच होतो. मग मीच वाकायला लागलो, तर गोदूताई किंचाळली, "नवरदेवानं गाडीखाली जायाचं नसतं!" हा नियम मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

लग्नाच्या दिवशी आम्ही धपधपतच नेऱ्याच्या वेशीवर पोचलो. काशीराम हाताची घडी घालून उभे होते. मंडपात धवलारणीनं लग्नाची गाणी धरली होती आणि मुहूर्ताला जेमतेम अर्धा तास होता.

"माफी?" काशीराम म्हणाले.

"चप्पल?" दाजी म्हणाले, आणि त्यांनी सरळ गाडी माघारी वळवली. मुंडावळ्यांआड मला रडू आलं. संतापानं आलं, पण आलं.

"थांब!" काशीराम ओरडले. "कवापास्नं आयकतोय मी. कायतरी लोंबतंय खाली."

हा माणूस स्वतःच्या बैलगाडीची चाकं स्वतः दुरुस्त करणारा. वाजणारी वस्तू त्याला बघवत नसे. नवं धोतर सावरत काशीराम पाठीवर गाडीखाली सरकले. गोदूताईनं पदर तोंडाला लावला.

ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात दाजींची डावी चप्पल होती. काळ्या दोरीनं ती तळाला टांगलेली होती. शाफ्ट फिरला की त्याचा बोल्ट तिला फटका मारी आणि ती वरच्या फळीवर आपटे.

"मीच बांधली," ताई पुटपुटली. "समदा गाव गाडीला डोले लावून बघत व्हता. ह्ये नजरबिजर मानत नाय, म्हनून कुनाला दिसनार नाय अशी बांधली. सांगनार व्हते, तवर यांनी चोर-चोर सुरू केलं. आनि सांगितलं का नजर परत लागते."

दाजी खाली उतरले.

"दादा, चुकलो," ते म्हणाले. दाजींच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकले.

काशीरामांनी स्वतःची डावी चप्पल काढली आणि दोन्ही चपला ताईच्या हातात दिल्या. "माजी पन बांध. पन मांगल्या बाजूला, कशाला लागनार नाय अशी. माजी पोर बसनार हाय या गाडीत."

मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. मुहूर्त गाठला, अक्षता पडल्या.

संध्याकाळी भामा डोळे पुसत गाडीत बसली. कसलाही आवाज न करता गाडी हलली. तेवढ्यात गावातला एक म्हातारा काशीरामांच्या पायांकडे बघून म्हणाला, "तुजी एक चप्पल कुठं रं?"

काशीरामांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "पनवेलकरांनी चोरली!"