कप्तानाच्या खिडकीवरचे शिंपले

“इतिहासाला मळाचा वास असतो! जो मळाला भितो, त्याला समुद्र कधी आपला म्हणत नाही!”

हरिप्रसादने हे उभं राहून, एक हात क्षितिजाकडे करून म्हटलं. क्षितिजाच्या जागी स्टुडिओचा पाण्याचा फिल्टर होता. समुद्र त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता, नागपट्टणला, आणि तेव्हाही पहिली लाट येताच चपला हातात घेऊन तो थेट बसपर्यंत पळाला होता. शिवरंजनीला हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्या सहलीला ती बरोबर होती. ती त्याची मामेबहीण. माऊस कसा धरायचा हेही त्याला तिनेच शिकवलं होतं. घरात तो तिला त्यांच्या तंजावरी मराठीत ‘अक्का’ म्हणे, ऑफिसात तमिळमध्ये ‘शिवरंजनी’, आणि परदेशी ग्राहकासमोर ‘माझ्या टीममधली एक’.

कुंभकोणातल्या एका भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर बसून, हरिप्रसादच्या हाताखाली, ही मंडळी परदेशी व्हिडिओ गेमसाठी वस्तू बनवत. पिंपं, तलवारी, कोंबड्या. या खेपेला शिडाचं जहाज आलं होतं. शिवरंजनीने त्यावर अडीच महिने घातले. जुनं लाकूड समजून घ्यायला ती रोज सकाळी देवळाच्या रथापाशी जाऊन उभी राहायची. तो बिचारा वर्षभर उन्हापावसात. पण माणसांचे हात जिथे पडतात तिथे लाकूड गुळगुळीत, आसाखाली तेलाचे ओघळ, आणि जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे धूळ आणि कबुतरं. तिने जहाज तसंच रंगवलं. दोनशे खलाशी रोज घासतात तो डेक पांढरा, कठडे हातांनी झिजलेले, मळ फक्त बुडाशी आणि सांदीकोपऱ्यांत.

“हे जहाज नव्हे, ही तिरुभुवनमची रेशमी साडी!” हरिप्रसाद सगळ्यांसमोर म्हणाला. “घडी मोडू नका रे कुणी!”

सगळे हसले. अलमेलुला ही नोकरी शिवरंजनीनेच मिळवून दिली होती. तीही हसली, आणि तिचं हसणं सर्वांत लांबलं.

मग हरिप्रसादने संगणकावर आयता मिळणारा, शिंपल्यांसकटचा मळाचा थर घेतला, एका क्लिकमध्ये जहाजभर फासला, फाइलीवरचं शिवरंजनीचं नाव खोडलं आणि स्वतःचं घातलं. “तू आता कोंबड्या कर,” तो म्हणाला.

कोंबड्या तिने केल्या. अकरा केल्या, आणि प्रत्येकीची मान हरिप्रसादसारखी पुढे काढली. पण एवढ्याने तिचं पोट भरणार नव्हतं. तिला आपलं नाव परत हवं होतं, आणि ते त्याने सर्वांदेखत, स्वतःच्या बोटांनी लिहायला हवं होतं.

“जाऊं दे गे,” घरी सीतालक्ष्मी, तिची आई, म्हणाली. “तुझ्या आत्याचा लेक कीं तो.”

“म्हणूनच, अम्मा. परक्याला मी कधीच माफ केलं असतं.”

आठवड्याने बातमी आली. जहाज तपासायला गेम कंपनीने एक बाई नेमली होती, तीस वर्षं शिडाच्या जहाजांवर काढलेली. हरिप्रसाद हळूच शिवरंजनीच्या टेबलापाशी आला, घरच्या मराठीत.

“अक्का, मळ कमी तर नाही ना पडला?”

इथे ती खरं सांगू शकली असती. शिंपले चिकटतात ते पाण्याखालच्या लाकडाला. हरिप्रसादच्या थराने ते अक्षता टाकाव्यात तसे सगळीकडे उधळले होते. शिवरंजनी गोड हसली.

“थोडा कमीच आहे रे. कप्तानाच्या खिडकीवर अजून शिंपले हवेत. इतिहासाला वास यायला हवा कीं.”

“मनाची मोठी गे तू, अक्का!” म्हणत त्याने जाऊन शिंपले दुप्पट केले.

बुधवारी अकराला बाई पडद्यावर आल्या. जहाज फिरवून फिरवून त्यांनी मिनिटभर पाहिलं.

“हे बुडालेलं जहाज वर काढलं आहे का?”

“नाही, मॅडम.”

“मग हे शिंपले कप्तानाच्या खिडकीपर्यंत जिन्याने गेले?”

“ते... इतिहासाला, मॅडम...”

“दोनशे माणसं आहेत जहाजावर. दिवसभर करतात काय? तुमच्या घरी दोनशे नोकर असते, तर स्वयंपाकघर असं राहिलं असतं?”

अलमेलु हसली. याही वेळी तिचंच सर्वांत लांबलं.

शिवरंजनीने शांतपणे आपली जपून ठेवलेली, मळ फासण्याआधीची फाइल पडद्यावर लावली. बाईंनी चष्मा चढवला.

“अरे! कठडा हातांनी झिजलाय. हे कुणी केलं?”

शिवरंजनीने खुर्ची वळवली आणि हरिप्रसादकडे पाहत राहिली, देवळात दिवा लागायची वाट पाहावी तशी.

“हिने,” तो अखेर म्हणाला. “शिवरंजनीने.”

“मग मला पाठवलेल्या फाइलीवर तिचं नाव का नाही? आत्ता घाला.”

हरिप्रसादने स्वतःचं नाव खोडलं. एकेका बोटाने तिचं लिहिलं. सगळी खोली बघत होती.

“ठळक अक्षरांत रे,” शिवरंजनी म्हणाली. “आणि थोडं वर घे.”

त्याने ठळक केलं. वर घेतलं. तिच्या छातीत लग्नातल्या सनईसारखा नादस्वर वाजायला लागला.

“उत्तम,” बाई कागद चाळत म्हणाल्या. “तसं हे जहाज गेममध्ये एकदाच दिसतं. दाट धुक्यात, तीन मैलांवर, चार सेकंद. तेवढा झेंडा जरा मोठा कराल?”