भुंग्याच्या मांडीवरची सळई

सळई लाल झाली आणि गर्दी पुढं सरकली. भोकरदनजवळच्या या माळावर दर रविवारी बिभीषणबाबा लंगडी कुत्री पळवून दाखवतो. मागच्या रविवारी त्यानं मल्हारी मेंढपाळाच्या भुंग्या कुत्र्याच्या मांडीवर सळई टेकली. केस जळाले, कातडं चरचरलं, कुत्रं माणसासारखं किंचाळलं आणि पळत सुटलं. लोकांनी हात जोडले. जळक्या मांसाचा वास घेत हात जोडले!

दुसऱ्याच दिवशी भुंग्या पुन्हा बसला. मग लांडगा आला. राखणदार भुंग्याला उठताच येईना, दोन मेंढ्यांची नरडी फुटली. आज मल्हारी त्याला टेम्पोत घालून परत घेऊन आला होता.

"मेलेल्या मेंढक्याचं भूत बसलंय कमरंत!" बाबा गरजला. "वर्षाचं कुत्रं कधी लंगडतं का? आज दोन्ही मांड्यांवर डाग. तरी गुण न्हाई टिकला तर दगडानं ठेचायचं, न्हाईतर भूत मेंढरांत शिरंल!"

मल्हारीनं मान डोलावली. त्याची बायको जयवंताबाई उसळली, "अवो, लेकरावानी वाढवलं त्याला. ठेचता कसं?"

"गप बस," मल्हारी खेकसला. "मेंढरं गेल्यावर काय भुंग्याला खाशील?"

बाबाची रीत ठरलेली. आधी पिठाचा 'देवाचा घास', मग लांबलचक आरती, मग सळई. घास झाला, आरती झाली. चौघांनी भुंग्याचे पाय दाबले. बाबा सळईला हात घालणार तोच जयवंताबाईनं भरली घागर आगीवर उपडी केली. बाबाच्या चेल्यानं तिच्या पाठीत काठी घातली. ती कोसळली, पण सरपटत जाऊन कुत्र्यावर आडवी झाली.

"आता मला डाग, मुडद्या!"

ओली लाकडं नुसती धुमसत राहिली. दाबणारे हात सैल पडले. आणि तिच्याखालून भुंग्या उठला. आधी लटपटत, मग सरळ. जयवंताबाईचं तोंड चाटून चार ढांगा पळालासुद्धा.

"आँ? डाग न देताच?" कुणीतरी ओरडलं.

जयवंताबाईनंच बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टर सुमेधा पुढं आल्या. त्यांनी बाबाच्या ताटात उरलेला एक 'देवाचा घास' फोडला. आत पांढरी गोळी. चेल्याच्या झोळीत तशाच गोळ्यांची पाकिटं निघाली.

"ही माणसाची दुखण्यावरची गोळी. आरती संपेस्तोवर असर होतो, कुत्रं पळतं. उतरला की बसतं. वर हिनं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात."

आता सगळे बाबावर तुटून पडले. आघाडीला कोण? पाय दाबणारे तेच चौघं!

"हात खाली! पोलीस येऊन राह्यलेत," डॉक्टर ओरडल्या. मग मल्हारीकडं वळल्या. "दादा, याला पळवायला कधी लागलात?"

"पाच महिन्यांचा व्हता तवाच. फटफटीमागं बांधून. पाय कणखर व्हतात म्हन्त्यात."

दुसऱ्या दिवशी एक्स-रेत दिसलं : मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत सैल. कच्चा सांधा वंशातून आलेला, आणि मल्हारीनं तो पळवून पळवून झिजवलेला. वजन आटोक्यात ठेवलं, योग्य औषध दिलं तर भुंग्या जगेल. लांडग्यामागं मात्र पुन्हा कधीच धावणार नाही.

मल्हारी भिंतीला टेकून खाली बसला. "आधीच दाखवलं असतं तर?"

"तर फटफटीमागं बांधलंच नसतं तुम्ही."

म्हणून ठणकावून सांगतो. पिल्लू मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखं उड्या मारत असेल, बसून उठताना अडखळत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. लक्षण नसलं तरी कामाला जुंपण्याआधी, वर्षाच्या आत, खुब्याचा एक्स-रे काढा. दोन वर्षांचं झालं की पैदाशीला सोडण्याआधी पुन्हा काढा. सांधा हाडाचा असतो, भुताचा नाही. आणि ज्याला बोलता येत नाही त्याचे पाय दाबून धरण्याआधी, जरा आपलं डोकं चालवा.