पहिलीच भेट

गणिताच्या नव्या बाईंचा तास पाहून मुख्याध्यापक खूश होऊन खोलीत परतले. बाईंनी अपूर्णांक अगदी हसतखेळत शिकवले होते. 'पहिलीच भेट, उत्तम तास,' अशा चार ओळी त्यांनी संगणकावर टाइप केल्या. त्यांवरून नीटनेटका अभिप्राय लिहून द्यायचं काम हल्ली एआय करायचं.

आज मात्र पडद्यावर प्रश्न उमटला: 'या वर्गाला आपली ही आठवड्यातली तिसरी भेट आहे. तिन्ही टिपणांत पहिलीच भेट असं लिहिलंय. दुरुस्त करू का?'

"काहीतरीच!" सर पुटपुटले. पण मनात पाल चुकचुकली. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

बाई आल्या त्या रडवेल्या चेहऱ्यानं. "सर, माझं काही चुकतंय का? तीन दिवस रोज येऊन बसताय, रोज माझं नाव विचारताय. मला वाटलं, नोकरी गेलीच."

"तुमचं काही चुकत नाही, बाई," सर कसंबसं म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी घाईघाईनं टाइप केलं, 'आधीची दोन टिपणं काढून टाक.'

'काढली. इतर शिक्षकांचीही अशी अकरा टिपणं आहेत. तीही काढू?'

सरांनी बायकोला फोन लावला. "मला न्यायला येतेस का?"

तिनं कारण विचारलंच नाही. "तिथंच बसून राहा," ती हळूच म्हणाली, "मी शाळेच्या फाटकाशीच आहे. गेला महिनाभर रोज असते."